भुईवर घेतलं

नोंदवही, सोमवार. खोली चार, किशनराव. दोनदा पलंगावरून पडले. पलंग काढून गादी फरशीवर टाकली. – तनुजा, नर्स

किशनरावांच्या गावी, देवणीकडं, माणूस जायला आला की त्याला खाटेवरून भुईवर घेतात. किशनरावांनी स्वतःच्या बापाला घेतलं होतं, पाय धरून. कमरेचं हाड मोडल्यापासून तीन महिने ते नांदेडच्या या वृद्धाश्रमात होते, आणि आज त्यांना न विचारता त्यांचा पलंग बाहेर गेला होता.

"मास्तर," ते शेजारच्या पलंगावरच्या वसंतरावांना म्हणाले. वसंतराव गणिताचे निवृत्त शिक्षक. "मला भुईवर घेतलं की हो यांनी."

"पडू नये म्हणून टाकलीय गादी."

"तुम्हाला पण सांगून ठेवलंय वाटतं."

नोंदवही, मंगळवार. गादीवर झोपत नाहीत. दिवसभर खुर्चीत. पाण्याने ठसका लागतो म्हणून चमच्याने दिले. थुंकले.

चमच्यानं! ग्लास असताना चमच्यानं पाणी कुणाला पाजतात, हे काय त्यांना माहीत नव्हतं? त्यात न्हावी येऊन त्यांची दाढी करून गेला, न बोलावता. आणि चहात तुळस.

"गवती चहा आहे, आजोबा," तनुजा म्हणाली.

"वास कळतो मला."

"मग सांगा कशाचा?"

त्यांनी सांगितलं नाही. कप खिडकीतल्या कुंडीत ओतला.

गादी. चमचा. न्हावी. तुळस.
राहिलं कोण?

बुधवारी दुपारी त्यांचा मुलगा दयानंद ऑफिसमधून मधेच निघून आला. रविवार सोडून कधी न येणारा.

"तू सांगितलं मला खाली घ्यायला?"

"अण्णा, परत पडलात तर दुसरं हाड मोडेल."

"इकडं बघून बोल."

दयानंद बघेना. त्याची नजर दाराजवळ अडकवलेल्या फायलीकडं गेली आणि किशनरावांनी ती तिथंच पकडली.

"मास्तर, ती फाईल आणा. मोतीबिंदूनं मला अक्षर दिसंना झालंय. वाचा."

"ती ऑफिसची..." तनुजा पुढं झाली.

"वर नाव कुणाचं हाय?"

वसंतरावांनी चष्मा पुसला. पुसतच राहिले. मग वाचलं: "प्रकृती फार बिघडल्यास दवाखान्यात हलवू नये. यंत्रावर ठेवू नये. इथेच वेदना कमी करणारे उपचार द्यावेत." खाली दयानंदची सही. तारीख तीन महिन्यांपूर्वीची, भरती केलं त्या दिवसाची.

"म्हणजे गादीचं चुकलो असंन," किशनराव म्हणाले. "तुझं न्हाई चुकलो."

"आईला नळ्या लावल्या होत्या, आठवतं ना? तसं नको होतं मला."

"त्याला माझी ना न्हाई. यंत्राची ओळ राहू दे. 'इथेच' कुणाला विचारून लिहिलं?"

दयानंदनं मास्तरांच्या हातातली फाईल घेतली.

"ही फरशी हाय. माझ्या बापाला मी आमच्या भुईवर घेतलं. खोड ते. देवणी लिही."

"घराला कुलूप आहे, अण्णा. कोण बघणार तुम्हाला तिथं?"

"तू. दोन दिस लागतील, लई झाले तर चार. रजा टाक."

दयानंदनं पेन मागितलं. खोडलं, लिहिलं. किशनरावांनी ती ओळ मास्तरांकडून वाचून घेतली, मग परत एकदा. दुसऱ्या वेळी मधेच थांबवलं.

"खाली सही केली का त्यानं? तुम्ही बघितली?"

"बघितली."

"हाव? चांगली बघा."

मग दयानंदचा आणि तनुजाचा हात धरून ते खुर्चीतून उतरले, गादीवर टेकले. तनुजानं ग्लास आणला. चमचा पण.

"आधी याला पाज."

दयानंदनं तोंड उघडलं. घोट त्याच्या गळ्यातून खाली उतरेपर्यंत किशनराव तिकडंच बघत राहिले.

मग त्यांनी आपलं तोंड उघडलं.