डोंगराच्या अंगानं

नॉर्मानं गल्ल्याच्या काचेवर जंगलाचा नकाशा पसरला आणि त्यावर बोट टेकवलं.

"गर्दी नको ना? मग हा रस्ता. हेरॉन क्रीक ओढ्याच्या वरचा. हिवाळ्यात इथं चिटपाखरू नसतं."

"हेच हवं होतं, बाई!" समोरचा माणूस खुलला. "खालच्या रस्त्यांवर नुसती जत्रा. बोइझी शहरातली सगळी पोरं गाड्या घेऊन तिथंच. बर्फाला हातही लावू देत नाहीत."

ती हसली नाही. खिडकीबाहेर त्याची पिवळी जीप उभी होती. मागच्या दारावर कुणीतरी हौसेनं मोठा ट्राउट मासा रंगवला होता. तिच्या नवऱ्यानं, हॉलिसनं सांगितला होता, हुबेहूब तसा.

दोन हिवाळ्यांपूर्वी हॉलिसची गाडी घळीत घसरली, तेव्हा ही जीप त्याच्या शेजारून गेली होती. उजाडता उजाडता लाकूडतोड्यांना तो सापडला. रात्रभर गोठलेलं डावं पाऊल घोट्याच्या वर कापावं लागलं. "त्याला मी दिसलोच नसेन," हॉलिस आजही म्हणायचा. नॉर्मा ऐकून घ्यायची आणि दात आवळायची.

"आणखी काही सांभाळायचं?" त्यानं चाकांना बांधायच्या साखळ्यांचे पैसे देत विचारलं.

तिसऱ्या वळणावर डोंगराला चिकटून जायचं. बाहेरचा सपाट बर्फ म्हणजे रस्ता नव्हे, खाली चर आहे. हे ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत असे.

"काही नाही," ती म्हणाली. "मजा कर."

दुपारी तिनं दुकानाला कुलूप घातलं आणि ट्रक काढला. बेत साधा होता. शेजारून जायचं. त्यानं हात हलवायचा आणि तिनं जायचं.

तिसऱ्या वळणावर जीप चरात कुशीवर कलंडली होती. तो बाहेर उभा होता, टोपी हरवलेली, कान लालबुंद. ट्रक दिसताच त्यानं दोन्ही हात वर केले. नॉर्मानं त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि वेग कमी न करता पुढे गेली. आरशात तो धावताना दिसला, मग पडताना. छातीत इतकं गार गार वाटलं, की तिनं मोठ्यानं म्हटलं, "हं. घे."

रस्ता वर संपत होता. ट्रक वळवायला तिथंच जागा होती. परतताना तिला त्याच्यासमोरूनच यावं लागलं. तो रस्त्याच्या मधोमध उभा होता. तिनं ब्रेक दाबला.

काच खाली केली, तर तो काकुळतीला येऊन म्हणाला, "मघाशी तुम्हाला मी दिसलोच नसेन."

हॉलिसचेच शब्द. नॉर्माचा हात काचेच्या मुठीवरच राहिला.

"दिसलास," ती म्हणाली. "चांगला दिसलास."

तो तिच्या चेहऱ्यात काहीतरी शोधत राहिला.

"तू कधी गेलायस असा, कुणाला टाकून?"

त्यानं ओठ चाटले. नाही म्हणणं सोपं होतं.

"एकदा. खालच्या घळीत. म्हातारा होता, हात करत होता. मी एकटा होतो, घाबरलो. थांबलो तर मीही अडकेन म्हटलं. घरी पोचल्यावर फोन करणार होतो."

"केलास?"

"नाही."

वारा सुटला होता. फांद्यांवरचा बर्फ खाली सांडत होता. ती उतरली, मागचा दोर काढला, आकडा जीपला अडकवला आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "इंजिन चालू कर. चाकं सरळ धर."

तिसऱ्या हिसक्याला जीप वर आली. तो खाली उतरला, पण हात पुढे करायचा त्याला धीर झाला नाही.

"बाई, तो म्हातारा... तुमच्या माहितीतला होता? वाचला का?"

नॉर्मा दोर गुंडाळत होती. बर्फानं कडक झालेला दोर तिच्या बोटांना टोचत होता.

"माझ्या मागोमाग ये," ती म्हणाली. "आमच्या फाटकाशी हिरवी पत्रपेटी आहे. जीप आत घे आणि तू स्वतः बेल वाजव. दार तोच उघडेल. जरा थांबावं लागेल, त्याला यायला वेळ लागतो."