आठ वर्षांच्या झुंबरचं बारसं

मी पाळणा बोलतोय, आणे गावच्या साळुबाईच्या घरातला. हसू नका. अकरा वर्षं माझ्यात कांदे भरले होते, तेव्हाही लोक हसलेच.

गेणभाऊ सुतारानं मला साळुबाईच्या लग्नाच्या साली घडवलं. मूल काही झालं नाही. मग अठ्ठ्याण्णव साली ती आणि तिचा नवरा सयाजी संस्थेतून पोर घेऊन आले. तान्ही नव्हे, चांगली आठ वर्षांची! झुंबर तिचं नाव. आई गेल्यावर एसटी स्टँडवर भीक मागून जगलेली. आल्या दिवसापासून तिनं घर डोक्यावर घेतलं. चावायची, उशीखाली भाकरी लपवायची, कुणी जवळ घेतलं की अंग आखडायची. सयाजी तर पार कावून गेला.

तरी साळुबाईनं बारशाचा घाट घातलाच. मला धुऊनपुसून आढ्याला टांगलं. पण एवढी पोर माझ्यात मावणार कशी? बायांनी वरवंट्याला कुंची घालून माझ्यात निजवलं आणि फिदीफिदी हसल्या. सयाजीची बहीण गोजरबाई, आत्या म्हणून, पोरीच्या कानाशी वाकली. "कुर्रर्र... समृद्धी!"

पोरीनं मला अशी लाथ हाणली, की वरवंटा खाली आला आणि माझी एक दांडी मोडली.

"माझं नाव झुंबर हाय! माझ्या आईनं ठिवलंय. मागं दोन घरांनी नवं नाव दिलं, अन् दोघांनीबी परत पाठवलं. नाव बदललं की परत पाठवत्यात!"

गोजरबाईला राग आवरेना. "सयाजी, आत्ताच नेऊन सोड हिला. पोर न्हाई, जळता इस्तू हाय इस्तू!"

सयाजी मान खाली घालून बसला. मला वाटलं, झालं, गेली पोर.

साळुबाई उठली. "वन्सं, तुमाला नाव ठिवायला बोलावलं व्हतं, नावं ठिवायला न्हाई." आत्याचा मान गेला चुलीत! साळुबाई स्वतःच पोरीच्या कानाशी वाकली. "कुर्रर्र... झुंबर सयाजी दाते."

पोर जागची हलली नाही. मग म्हणाली, "मोठ्यानं म्हण."

साळुबाई अशी ओरडली, की आळीतली माणसं दारात आली. मग सयाजीही उठला आणि त्यानंही तेच नाव घेतलं.

आज आठ वर्षं झाली. मी माळ्यावर पडून आहे, माझं काही म्हणणं नाही. झुंबर अजून भांडते, रुसली की दोन-दोन दिवस बोलत नाही. "पोर सुधारली का?" म्हणून विचारत येणाऱ्यांनो, तुमचा सवालच चुकलाय. पोर घरात आहे. बघायचं तर तेवढं बघा आणि वाटेला लागा.