सासूबाईंची जीभ

तापातून उठल्यावर ताईची चव गेली, ती परत आलीच नाही. वासही गेला. छापखान्याच्या कँटीनमध्ये अकरा वर्षं साठ माणसांचं रांधणारी ही बाई, आणि आता तिला कांदा नि सफरचंद दाताखाली सारखेच लागत होते. मिरची तेवढी झोंबायची. बाकी सगळं ओल्या कागदासारखं.

डॉक्टर सोडून ती कुणाला काही बोलली नाही. मिठाचा अंदाज तिच्या चिमटीत होता, मसाला परतून झालेला तिला कानाने कळायचा. रोजच्या पदार्थांवर महिना निभावला.

मग मशीनमास्तर निवृत्त व्हायला निघाले. शेवटच्या दिवशी जेवायला काय करू, असं ताईने विचारलं तर म्हणाले, "तरुणपणी बोटीवर होतो. एका बंदरात थायलंडच्या बाईच्या हातचं नूडल सूप प्यालो होतो. फळ घातलेलं. आधी आंबट, मग गोड, आणि शेवटी कान गरम. जमेल?"

"जमेल," ताई म्हणाली. आयुष्यात कधी न केलेला पदार्थ, तोही चव नसताना. पण तोंडातून शब्द गेला तो गेला.

घरी येऊन तिने सासूबाईंना खरं काय ते सांगितलं. सासूबाईंनी कधी कुणाच्या स्वयंपाकाला तोंडदेखलं बरं म्हटलं नव्हतं. स्वतःच्या मुलीच्या लग्नात त्यांनी आचाऱ्याला परत चुलीपाशी पाठवलं होतं.

"आई, मला तुमची जीभ हवी आहे."

"इतकी वर्षं तीच नको होती ना तुला," सासूबाई म्हणाल्या आणि पदर खोचून उठल्या.

रविवारी दोघींनी घरी करून पाहिलं. लाल मिरची, लसूण, आलं आणि गवती चहाचे पांढरे बुडखे वाटून तेलात परतले. नारळाचं दूध मंद आचेवर, एकाच बाजूने ढवळत. मग माशांचा खारट सॉस, लिंबू, शेवटी अननस. पहिल्या वाटीला सासूबाई म्हणाल्या, "आंबट आहे, पण एकटंच आहे. त्याला सोबत दे." दुसऱ्या वाटीला नुसतीच मान हलवली. चौथी वाटी त्यांनी पूर्ण संपवली. ताईने प्रत्येक वेळी काय किती घातलं ते मनात पक्कं केलं.

निरोपाच्या दिवशी ताई सासूबाईंना बरोबर घेऊनच कँटीनमध्ये गेली. त्यांना स्टुलावर बसवून तिने पहिला अननस चिरला आणि एक फोड त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी एक डोळा मिटला.

"हा अननस नाही, लिंबाचा थोरला भाऊ आहे."

बाकीचे सातही तसेच निघाले. ताई घाबरली नाही. लिंबं तिने बाजूला सारली. अननसाच्या चकत्यांवर साखर भुरभुरवून त्या गरम तव्यावर टाकल्या आणि काठ तपकिरी होईपर्यंत हलवल्या नाहीत. सासूबाईंनी एक चाखली, मग न विचारता दुसरी उचलली.

तेवढ्यात मॅनेजर आत आले. "ताई, ह्या कोण? बाहेरच्या माणसाला इथे मनाई आहे."

"माझ्या सासूबाई. चव बघायला आणलंय." तिने पळी खाली ठेवली. "ताप आल्यापासून मला चव कळत नाही, साहेब. महिना झाला."

मॅनेजरांचा चेहरा उतरला. "महिना? आणि आज सांगताय?"

"सांगायला हवं होतं, ते चुकलंच माझं. रांधण्यात चुकले असेन तर तेही सांगा. एक तरी ताट परत आलं?"

सासूबाईंनी एका वाटीत सूप ओतून मॅनेजरांपुढे धरलं. त्यांनी उभ्याउभ्याच संपवलं आणि वाटी धुवायला स्वतः नळाशी गेले.

जेवणाच्या सुट्टीत साठ वाडगे भरले. खाली तांदळाच्या चपट्या नूडल्स, वर लालसर नारळी सूप, त्यावर अननसाच्या भाजक्या फोडी. मास्तरांनी घोट घेतला. सगळं टेबल त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. दुसरा घोट. तिसरा.

"ते सूप हे नाही," ते म्हणाले.

ताई दारात उभी होती. "नसेलच, मास्तर. ते तिचं होतं. हे माझं आहे."

मास्तर हसले. शाईने काळी झालेली बोटं वाडग्याभोवती धरून म्हणाले, "मग तुझं अजून थोडं वाढ." त्यांचे कान तांबडेलाल झाले होते. पाठोपाठ अख्ख्या बाकाने वाडगे पुढे केले आणि पातेलं खरवडून निघालं.

दुपारी मॅनेजर पुन्हा स्वयंपाकघरात आले. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते त्यांनी ताईला विचारलं. येईल तेव्हा येईल, असं ती म्हणाली.

"तोवर ह्या रोज येतील?" मॅनेजरांनी सासूबाईंकडे बघत विचारलं. "येणार असाल तर आजी, डोक्याला टोपी घालावी लागेल. नियम आहे."

सासूबाईंनी अंबाड्यावरून हात फिरवला. "हा मावेल एवढी आणा," त्या म्हणाल्या, "आणि त्या अननसवाल्याला उद्या माझ्यापुढे उभा करा."