दोराच्या आतल्या खुर्च्या

मी एक जुना दोर आहे आणि मी चांगलाच चिडलो आहे. आत्मवृत्त सांगायला बसलेल्या वस्तूने हळू आवाजात बोलावे, अधूनमधून उसासा टाकावा, अशी तुमची अपेक्षा असेल. मित्रांनो, ते मला जमणार नाही. माझ्या अंगात पीळच तेवढा आहे.

माझा जन्म वाटूरचा. रामरावांच्या शेताच्या कडेला अंबाडी होती. ती कापून त्यांनी पाण्यात भिजत घातली, कुजल्यावर तिचा वाख, म्हणजे सालीचे धागे, सोलला आणि चतुराबाईंना समोर बसवून मला वळले. "पीळ ढिला ठिवू नका," चतुराबाई नवऱ्याला बजावत होत्या. "बैलं अन् माणसं ह्याच्या भरवशावर ऱ्हाणार हायेत." मी मोटेचा नाडा झालो. बैल विहिरीकाठच्या उतरत्या धावेवरून खाली जाऊ लागले की मी विहिरीतली भरलेली मोट वर ओढत असे. रामराव माझ्यावर बसून बैलांशी बोलत आणि पाणी पाटातून कपाशीकडे धावे. मी ताणलेला असताना माझ्या वाटेत कोणी उभे राहत नसे. एकदा रामरावांचे व्याही गप्पांच्या नादात आडवे आले. रामरावांनी त्यांना दंडाला धरून सरळ बाजूला केले. व्याह्यांना त्यात अपमान वाटला नाही. ते हसले आणि लिंबाखाली जाऊन बसले.

पुढे विहिरीवर तेलाचे इंजिन आले. ते भकभक धूर सोडू लागले आणि सगळा गाव त्याचे कौतुक करू लागला. मी आणि माझे भाऊबंद गोठ्यातल्या खुंटीवर गेलो. उंदीर आम्हाला कुरतडत, आणि इतकी वर्षे ज्यांच्या पिकांना आम्ही पाणी पाजले ते आमच्याकडे ढुंकूनही पाहत नसत. तेव्हा रामरावांचा भाचा भालचंद्र तिथे आला. तो जालन्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवत असे आणि लहान विमाने उडवण्याचे एक मंडळ त्याने नुकतेच काढले होते.

"मामा, जुने नाडे द्या," तो म्हणाला. "मैदानाला कडं करायचंय."

"घेऊन जा की," रामराव म्हणाले. "पर इमानाला नाडा कशाला रं?"

"इमानाला न्हाई मामा, माणसांना."

जुन्या जालन्याबाहेरच्या एका माळावर आम्हा सगळ्यांना गाठी मारून एक केले आणि खुंट्यांवर गुडघाभर उंचीने गोल ताणले. मधल्या जागेत विमान उडे. ते कापसासारख्या हलक्या लाकडाचे आणि पातळ कागदाचे होते. त्याचे इंजिन लिंबाएवढे. त्याला दोन बारीक पोलादी तारा जोडलेल्या असत आणि त्यांची मूठ उडवणाऱ्याच्या हातात असे. उडवणारा मधोमध उभा राहून गरगर फिरे आणि विमान त्याच्याभोवती घोंघावत फेऱ्या घेई. इंजिन लहान म्हणून हसू नका. त्याच्या पंख्याने बोट तुटते.

भालचंद्र मास्तरांना ते ठाऊक होते, म्हणून त्यांनी मैदानावर नियमांची पाटी लावली. उडवण्याआधी तारा ओढून पाहाव्यात. मूठ मनगटाला वादीने बांधावी. विजेच्या तारांजवळ उडवू नये. आणि सर्वांत ठळक अक्षरांत लिहिले होते की, इंजिन चालू असताना उडवणाऱ्याशिवाय कोणीही दोराच्या आत येऊ नये. मला पुन्हा काम मिळाले होते आणि तेही मानाचे. मी फुशारून गेलो होतो, हे कबूल करतो.

मंडळात सर्वांत चांगले विमान सुहासिनी उडवी. ती मास्तरांची जुनी विद्यार्थिनी, आता मुलींच्या शाळेत शिकवू लागली होती. तिने उन्हाळ्याची सगळी सुट्टी घालून स्वतःचे विमान बांधले होते. पंखांवरचा कागद तिने इतका नीट ताणला होता की त्यावर टिचकी मारली तर टणकन आवाज येई. सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमात ते सगळ्या गावासमोर उडायचे होते.

त्या दिवशी सकाळी मंडळाचे चिटणीस जगन्नाथराव खुर्च्या घेऊन आले. त्यांनी त्या कुठे मांडल्या असतील? माझ्या आत! मंचकासारखी एक मोठी खुर्ची बद्रीनाथशेठसाठी होती. शेठ धान्याचे मोठे व्यापारी आणि कुस्त्यांचे शौकीन होते.

"काका, खुर्च्या दोराच्या बाहेर घ्या," सुहासिनी म्हणाली.

"पाव्हण्यांना पब्लिकसंग बसवू? बरं दिसंल का ते?" जगन्नाथराव म्हणाले. "दोर पब्लिकसाठी हाय. इज्जतदार माणसांना आतच बसवावं लागतं."

ऐकलेत ना, मित्रांनो? पंख्याला इज्जतदार माणूस ओळखू येतो, असा या शिकलेल्या गृहस्थांचा समज होता! सुहासिनीने मास्तरांकडे पाहिले. नियम लिहिणारे मास्तर म्हणाले, "जाऊ दे, कडेलाच तर हायेत. आजच्या दिवस."

विमान उडाले. लोकांनी टाळ्या पिटल्या. सुहासिनीने ते उंच नेले, उलटे केले, गवताला लागेल इतके खाली आणले. बद्रीनाथशेठ खुश झाले. आता आमच्या भागातली एक रीत तुम्हाला सांगितली पाहिजे. कुस्तीच्या फडात एखाद्या पैलवानाने झकास डाव टाकला की खुश झालेला शौकीन तसाच उठतो, आखाड्यात शिरतो आणि त्याला फेटा बांधतो. शेठना दुसरी रीत माहीतच नव्हती. ते फेटा हातात घेऊन उठले आणि "वा पोरी, वा!" करत थेट मधोमध निघाले. वाटेत ओलांडायला मीही नव्हतो, कारण जगन्नाथरावांनी त्यांना आधीच माझ्या आत आणून बसवले होते.

विमान मागून फिरून येत होते. ते शेठच्या डोक्याच्या उंचीवर होते. सुहासिनी ओरडली, पण इंजिनाच्या आवाजात कोणाला ऐकू येणार? तिने मनगट खाली दाबले. तिचे विमान नाकावर जमिनीत घुसले आणि त्याचा चुराडा झाला. पंख्याचा एक तुकडा उडून शेठच्या दंडाला लागला. दोन-चार टाके पडले, जीव वाचला.

शेठना लोकांनी टांग्यात घालून दवाखान्यात नेले आणि माळावर मंडळाची सभा भरली. तिथे जे झाले ते आठवले की आजही माझे पीळ आवळतात.

"पोरीला इमान सावरलं न्हाई," जगन्नाथराव म्हणाले.

"सावरलं होतं," सुहासिनी म्हणाली. "मी ते मुद्दाम पाडलं. पाडलं नसतं तर शेठच्या डोक्याला लागलं असतं."

"बघा! मुद्दाम पाडलं म्हणून सोताच सांगून राह्यली!"

"सर, तुम्ही बघितलंत ना?" तिने मास्तरांना विचारले. मास्तर बुटाच्या टोकाने माती उकरत राहिले. दोन दिवसांनी पाटीवर नवा नियम आला: स्त्रिया व मुलींनी विमान उडवू नये. खुर्च्यांबद्दल एक अक्षरही नव्हते. मी त्या पाटीसमोरच ताणलेला होतो आणि मला तो नियम रोज वाचावा लागे. चूक खुर्च्या मांडणाऱ्याची, आणि बाहेर कोण? जिने एक माणूस वाचवला ती! मास्तरांचाही मला भयंकर राग आला. नियम रंगवायला कुंचला लागतो, पण तो पाळायला लावायला तोंड उघडावे लागते.

पुढच्या वर्षी पुन्हा कार्यक्रम ठरला. पुन्हा जगन्नाथरावांनी खुर्च्या आणल्या आणि निर्लज्जपणे पुन्हा माझ्या आत मांडल्या. सुहासिनी बाहेर, गर्दीत, आपल्या शाळेतल्या मुलींबरोबर उभी होती. शेठ आले. त्यांनी खुर्ची पाहिली आणि माझ्यापाशीच थांबले.

"ती उडवणारी पोरगी कुठंय?" त्यांनी विचारले.

"तिला काढलं, शेठ. तुम्हाला जखमी केलं तिनं."

"मला?" शेठचा आवाज चढला. "म्याच गेल्तो की आत, फेटा बांधायला! तिनं इमान जमिनीत घातलं म्हणून डोस्कं शाबूत हाय माझं. गलती माझी अन् सजा तिला? कमाल करता, जगन्नाथराव!"

त्यांनी मोठी खुर्ची स्वतःच्या हाताने उचलली, माझ्या बाहेर आणून ठेवली आणि लोकांमध्ये बसले. मग काय विचारता! शेठ बाहेर बसल्यावर आत बसण्यात कसली इज्जत? एकेक खुर्ची पटापट बाहेर आली. मित्रांनो, मला आनंद झाला, पण राग काही गेला नाही. हेच सुहासिनीने सांगितले होते तेव्हा कोणाला पटले नव्हते. शेठची खुर्ची हलली तेव्हा सगळ्यांना एकदम अक्कल आली.

"ये बेटी, आत ये. उडव," शेठ म्हणाले.

"आधी पाटीवरचा तो नियम काढा, मंग येते," ती म्हणाली.

"कार्यक्रम होऊ दे. नंतर मीटिंग घेऊ," जगन्नाथराव म्हणाले.

"मंग मीबी मीटिंगनंतरच येते."

शेवटी भालचंद्र मास्तर उठले. त्यांनी पेचकस घेतला आणि सगळ्या गावासमोर तो नियम खरवडून काढला. "मी बघितलं होतं, सुहासिनी," ते म्हणाले. "त्याच दिवशी बोलायला पाहिजे होतं मी." तिने मान हलवली. माफ केले, असे मात्र ती म्हणाली नाही.

मग ती माझ्यावरून आत आली. तारा ओढून पाहिल्या, वादी मनगटाला बांधली आणि थांबली. जगन्नाथराव छातीवर बिल्ला लावून अजून आतच उभे होते.

"काका, बाहेर."

"अगं, मी चिटणीस हाय!"

ती मूठ हातात धरून उभी राहिली. सगळे गाव जगन्नाथरावांकडे पाहू लागले. अखेर ते निघाले, आणि मला ओलांडताना त्यांच्या धोतराचा सोगा माझ्यात अडकला. मी तो मुद्दाम अडकवला असे कोणी म्हणाले, तर मी नाही म्हणणार नाही.

विमान उडाले आणि माझ्या आत फक्त सुहासिनी होती.

मित्रांनो, माझ्यासारखे दोर तुम्हाला जागोजागी दिसतील. ते गुडघ्याएवढे असतात. ते ओलांडायला ताकद लागत नाही, ओळख लागत नाही, साधे एक पाऊल पुरते. भरलेली मोट मी वर ओढली आहे, पण माणसाला मी अडवू शकत नाही. माझ्यापाशी आलात की तुमचे तुम्हालाच थांबायचे आहे. आणि "बाहेर उभे राहा" असे एखादी मुलगी सांगत असेल, तर तिचे ऐकायला शेठ येण्याची वाट पाहू नका.