जावईबापूंचं अडीच तासांचं आंधळेपण

चाकांवरचं घर घेऊ नका, असं जावईबापूंना तिघांनी सांगितलं होतं: बायकोनं, मेकॅनिकनं आणि ज्यानं ते विकलं त्यानं. विकणारा खरं तर "एकदा नीट बघून घ्या" एवढंच म्हणाला होता, पण ज्या घाईनं म्हणाला त्यातच सगळं आलं. जावईबापू रंगांच्या कंपनीत विक्री अधिकारी. पांढऱ्याच्या चाळीस छटा ते नुसत्या नजरेनं ओळखत, आणि म्हणून जगातलं सगळंच आपल्याला दिसतं असा त्यांचा समज होता. गाडीतला पलंग त्यांनी पाहिला, बेसिन पाहिलं, पडदे तर हात लावून पाहिले. इंजिन तेवढं राहिलं.

पहिल्याच सफरीला बायकोनं पेपर तपासायचं निमित्त काढलं. ती शाळेत शिकवायची. "आईला घेऊन जा, तिलाही तेवढाच बदल," ती म्हणाली. आई आली म्हणजे आईचा कुत्रा आलाच. सासूबाई मोठ्या हॉस्पिटलातून हेडसिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या. भलेभले सर्जन त्यांना टरकून असत. त्यांच्या कुत्र्याचं नाव सरकार. ठेवताना मनात काही नव्हतं म्हणे, पण तो नावाला जागला. खायचा भरपूर, हलायचा नाही, आणि कुणी तक्रार केलीच तर दुसरीकडे तोंड करून झोपायचा. वजन सत्तावीस किलो.

तळ्याकाठी दोन दिवस काढून परतताना, सकाळी दहाच्या सुमाराला, भर हमरस्त्यावर गाडीनं एक उचकी दिली आणि प्राण सोडला. जावईबापूंनी बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि गंभीरपणे मान हलवली.

"काय आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"इंजिन आहे."

"ते असतंच. पुढं?"

पुढचं जावईबापूंना माहीत नव्हतं. तासाभरानं टोचनवाला आला. त्यानं गाडी साखळीला अडकवली आणि सरकारकडे बोट केलं. "केबिनमध्ये दोन माणसं घेतो. कुत्रा नाही."

"मग गाडीतच मागं बसू दे की त्याला."

"ओढलेल्या गाडीत जिवंत काही ठेवता येत नाही. नियम आहे."

"ह्याला जिवंत म्हणताय ही तुमची मेहेरबानी," जावईबापू पुटपुटले. सासूबाईंनी नुसतं पाहिलं. मग टॅक्सीवाल्यांना फोन झाले. एकानं कुत्र्याची जात विचारली, दुसऱ्यानं वजन. उत्तर ऐकून दोघांनीही फोन ठेवला. गाडी गॅरेजला गेली. रस्त्याच्या कडेला उरली दोन माणसं, एक बॅग आणि सरकार.

समोरच बसचा थांबा होता. तिथं पाटी होती: 'प्राणी नेण्यास मनाई. अंध प्रवाशांचे मार्गदर्शक श्वान वगळून.' सासूबाईंनी ती दोनदा वाचली. मग ऑपरेशन ठरलंय हे ज्याला अजून कळलेलं नाही अशा पेशंटकडे बघावं तसं त्यांनी जावयाकडे पाहिलं.

"जावईबापू, तुमचा गॉगल कुठंय?"

"आई, हे बरोबर नाही."

"मग तुम्ही सुचवा."

जावईबापूंनी पाच मिनिटं विचार केला आणि गॉगल चढवला. त्यांच्याच पँटचा पट्टा सरकारच्या छातीला बांधला गेला. त्यामुळे एका हातात कुत्रा आणि दुसऱ्या हातात पँट, अशा थाटात ते बसची वाट पाहू लागले.

बस आली. कंडक्टर भला माणूस निघाला. "या दादा, सावकाश. पायरी आहे हं," म्हणत त्यानं दंडाला धरून चढवलं. त्या भलेपणानं जावईबापूंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. वाट दाखवणारे सरकार मात्र खालीच बसून राहिले. शेवटी सासूबाईंनी त्यांना मागून ढकललं.

"नवीन आहे अजून," त्या कंडक्टरला म्हणाल्या. "शिकतोय."

सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या, जावईबापू मागच्या, आणि सरकार मधल्या वाटेत आडवे झाले. एकदा माणूस आंधळा ठरला की लोक त्याला बहिराही धरून चालतात. पलीकडच्या काकांनी खणखणीत आवाजात विचारलं, "जन्मापासून का हो?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "लग्नानंतर."

"अरेरे! आणि ती पोरगी?"

"तिला सगळं दिसत होतं. तरी केलं."

काका हळहळले. जावईबापूंनी दातांवर दात दाबले. आंधळ्यानं रागानं बघायचं म्हटलं तरी बघायचं कुणाकडे?

पुढच्या थांब्याला त्यांच्या शेजारी एक गृहस्थ येऊन बसले. भांग नीट पाडलेला, हातात फाइल, अंगात शर्ट मोतिया पांढरा. नुसता पांढरा नव्हे, जावईबापूंनी छटा लगेच ओळखली. गृहस्थांनी गॉगलसमोर हळूच हात हलवला. जावईबापू ढिम्म. गृहस्थांनी निवांतपणे जावईबापूंची बॅग उघडली, बिस्किटांचा पुडा काढला आणि त्यांच्या तोंडाकडे बघत एकेक खायला सुरुवात केली. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं असं म्हणतात. इथं आंधळं खोटं होतं, कुत्रं घोरत होतं, आणि पीठ भलताच कुणी खात होता. पुडा संपल्यावर जावईबापूंचे नवे इयरफोन मोतिया खिशात गेले.

"उकडतंय का दादा? खिडकी उघडू?" गृहस्थांनी गोड आवाजात विचारलं.

"नको. आभारी आहे," जावईबापू म्हणाले. चोराचे आभार मानायची त्यांची ही पहिलीच वेळ.

अडीच तास त्यांनी हे सगळं गिळलं. शहर दिसू लागलं, घर चार-पाच किलोमीटरवर आलं. सासूबाईंचा डोळा लागला होता, पर्स मांडीवरून बाजूला घसरली होती. गृहस्थ पुढं वाकले आणि दोन सीटांच्या फटीतून त्यांची बोटं पर्सच्या चेनवर गेली.

"ए, हात काढ! पर्समधून हात काढ!" जावईबापू उभेच राहिले. पट्टा नसलेली पँट त्यांनी वेळेवर सावरली.

सगळ्यांत आधी सावरला तो चोर. "बघा, बघा!" तो ओरडला. "ह्याला दिसतंय!"

मग मात्र बस पेटली. चोराला दोन शिव्या बसल्या, जावईबापूंना दहा. "आम्ही हळहळलो हो तुमच्यासाठी!" पलीकडचे काका म्हणाले, फसवणुकीपेक्षा फुकट गेलेली हळहळ त्यांना जास्त झोंबली होती. कंडक्टरनं चोराचे खिसे रिकामे करवले, इयरफोन परत दिले. मग तो जावईबापूंकडे वळला. आवाज चढवलाच नाही त्यानं.

"माझ्या बहिणीला दिसत नाही. कुत्र्याला घेऊन बसमध्ये चढली की प्रत्येक जण तिच्याकडे दाखला मागतो. खरंच आंधळी आहेस का, म्हणून विचारतो. का विचारतात, ते मला आज कळलं."

जावईबापूंनी गॉगल काढला. "डोकं माझं होतं," सासूबाई म्हणाल्या. "ह्यांना बोलू नका."

"गॉगल माझा होता," जावईबापू म्हणाले.

चोराला पोलीस चौकीपर्यंत बसमध्ये बसायला मिळालं. ह्यांना पुढच्याच थांब्यावर उतरवलं.

पट्टा परत कमरेला आला. सरकार पन्नास पावलं चालले आणि फुटपाथवर लोळले. हाका झाल्या, दम देऊन झाला, ओढून झालं. शेवटी जावईबापूंनी सत्तावीस किलो खांद्यावर घेतले आणि भर दुपारी चालू लागले.

मग सासूबाई म्हणाल्या, "गप्प बसला असतात तर घरापर्यंत बसनं गेलो असतो."

"माहीत होतं."

"मग?"

"तुमची पर्स होती."

सासूबाईंनी त्यांच्या हातातली बॅग आपल्याकडे घेतली. थोडं पुढं गेल्यावर म्हणाल्या, "बहिणीचं बोलला ना, ते लागलं हो मला."

"मलाही."

इमारतीच्या दारात जावईबापूंनी कुत्रा खाली ठेवला आणि भिंतीला टेकून धापा टाकू लागले. सरकारांनी अंग झटकलं, वर पाहिलं, आणि तीन मजल्यांचा जिना दोन-दोन पायऱ्या गाळत एका दमात चढून गेले.

वरून दार उघडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ बायकोचा. "अगंबाई, आलास का? एवढ्या उन्हातून! किती दमला असेल गं माझा बाळ!"

जावईबापू पहिल्या पायरीवर बसले. सासूबाईंनी पदर सावरला आणि त्याही शेजारी टेकल्या.

"अहो, गाडी कुठंय?" वरून प्रश्न आला.

दोघांनीही ऐकू न आल्यासारखं केलं. अडीच तास न दिसल्याचं सोंग केल्यावर जावईबापूंना हे अगदीच सोपं गेलं.