संजाची भिंत

मित्रांनो, जरा उभे राहा आणि अशी कल्पना करा, की तुमचे पाय जमिनीत खोल रुतले आहेत. चालता येत नाही, वळता येत नाही, नाकावर बसलेली माशीसुद्धा उडवता येत नाही. पुढून लोक येतात आणि तुमच्या छातीवर खिळे ठोकतात. मागून मुली येतात आणि तुमच्या पाठीवर शेण थापतात. तुम्ही मात्र हूं की चूं करायचं नाही. किती वेळ उभे राहाल? मी शंभराहून अधिक वर्षं उभी आहे. मी देवासच्या एका घरातली जुनी भिंत आहे.

हे घर संस्थानच्या काळात जयसिंगराव कामदारांनी बांधलं. माझ्यासाठी चुन्याची घाणी लावली होती. बैल गोल गोल फिरायचे आणि चुना लोण्यासारखा मऊ व्हायचा. त्यात गूळ आणि बेलफळाचा गर कालवायचे. म्हणून तर मी ऊन, थंडी, दमट हवा सगळं पचवते. चुन्याची भिंत श्वास घेते, मुलांनो. ओल आत घेते आणि हळूहळू बाहेर सोडते.

मला दोन बाजू आहेत. पुढच्या बाजूला दिवाणखाना. तिथे जयसिंगरावांचे चित्रकार बसत आणि पागोटेवाल्या मानकऱ्यांच्या तसबिरी रंगवत. त्या सोनेरी चौकटीत माझ्यावर टांगल्या जात. पाहुणे म्हणत, "वा! काय हुबेहूब मिशी काढली आहे!" कौतुक सगळं पुढच्या बाजूचं.

मागच्या बाजूला अंगण. तिथे माझ्यावर संजा बसत असे. माळव्यातल्या मुलांना हे सांगायला नको, बाकीच्यांना सांगते. पितृपक्षात इथल्या मुली रोज संध्याकाळी भिंतीवर शेणाची आकृती करतात. पंचमीला पाच कुंवारे मुलगे, सप्तमीला स्वस्तिक, अष्टमीला आठ पाकळ्यांचं फूल. त्यावर तेरड्याच्या पाकळ्या आणि पन्नी, म्हणजे चमचमता कागद, चिकटवतात, गाणी म्हणतात, झाकलेल्या डब्यातला प्रसाद ओळखायला लावतात. दुसऱ्या दिवशी जुनी आकृती काढून टोपलीत ठेवायची आणि नवी करायची. शेवटी मोठा किलाकोट, म्हणजे किल्ला, आणि अमावास्येला सगळी टोपली तळ्यात सोडायची. म्हणजे माहेरी आलेली संजाबाई सासरी गेली.

या घरातल्या बायका सुरुवातीला म्हणत, "हे आपल्याकडचं नव्हे हो, आपला भोंडला." पण लेकी शेजारणींकडून शिकल्या, आणि शिकल्या त्या शिकल्याच.

मग संस्थान गेलं, तसबिरी गेल्या, दिवाणखान्याला कुलूप लागलं. माझ्या पुढच्या बाजूला नुसते खिळे उरले. त्या वर्षांत मला हातांचा स्पर्श व्हायचा तो फक्त मागून, भाद्रपदात. तेवढ्यावर मी वर्षभर उभी राहत असे.

जयसिंगरावांचे नातू नीलकंठराव धारच्या शाळेत चित्रकला शिकवत. निवृत्त होऊन ते इथे राहायला आले, कुलपं उघडली आणि खोल्या चित्रकारांना कामाला दिल्या. आता एका खोलीत विनीताताई जुन्या साड्यांच्या चिंध्यांचे डोंगर शिवतात. दुसऱ्या खोलीत कोल्हापूरहून आलेला अनीश चादरीपेक्षा मोठ्या कापडांवर रंगवतो. त्याच्या चित्रांत मिशी नसते, माणूसही नसतो. नुसता पाऊस पडून गेल्यासारखा रंग असतो. मला ती चित्रं आवडतात. खरंच.

नवरात्रात अनीशचं पहिलं प्रदर्शन होतं. सर्वांत मोठं चित्र दिवाणखान्यात मावेना. त्याने माझी मागची बाजू पाहिली. तिथे उत्तरेचा सौम्य उजेड येतो. त्या दिवशी मुली शाळेत होत्या आणि नीलकंठराव बँकेत. अनीशने खुरपं घेतलं, माझी पाठ स्वच्छ खरवडली आणि वर चुन्याचा हात दिला.

तो नवमीचा दिवस होता. दुपारी नीलकंठरावांची नात उर्वी आणि शेजारची रुची पळत पळत अंगणात आल्या. हातात शेणाचा गोळा, ओच्यात फुलं. आणि समोर पांढरीशुभ्र मी.

"अनीश भिया," रुची म्हणाली, "हमारी संजा किधर गई?"

"कोण संजा? इथे कुणी आलं नाही."

"अहो, भिंतीवर होती!" उर्वी ओरडली. "आणि टोपली? खाली टोपली होती ना?"

अनीशचा चेहरा उतरला. "ते शेण होय? टोपली आहे तिकडे, शेण सकाळीच कचरागाडीत दिलं. मला वाटलं, इथे कुणीतरी गाय बांधतं."

"गाय फूल चिपकाती है क्या, भिया?" रुची म्हणाली.

उर्वी मात्र हसली नाही. गल्लीतल्या मोठ्या मुली शिकायला इंदूरला गेल्या होत्या. या वर्षी संजा तिच्या हातात आली होती, पहिल्यांदाच. ती रिकामी टोपली उराशी धरून खाली बसली. "पौर्णिमेपासूनचं सगळं होतं त्यात. आता संजा सासरी काय घेऊन जाईल?"

अनीशला फार वाईट वाटलं. त्याने एक सनमायका लावलेली फळी आणून दिली. "यावर करा. हवी तिथे उचलून नेता येईल." मुलींनी बिचाऱ्यांनी करून पाहिलं. नवमीला डोकरा-डोकरी, म्हणजे म्हातारा-म्हातारी करतात. डोकरा घसरला, मागोमाग डोकरी घसरली. गुळगुळीत फळीला शेण धरून ठेवता येत नाही. त्यासाठी माझ्यासारखी खरखरीत पाठ लागते.

पण मित्रांनो, मीही काही अगदीच निर्जीव नाही. दुसऱ्या दिवशी चुना वाळला आणि त्यातून एक फिकट पिवळा डाग वर आला. अनीशने पुन्हा हात दिला. डाग पुन्हा आला, आणि बरोबर आणखी चार घेऊन आला. वर्षानुवर्षं जे अंगात मुरलंय, ते एका हाताने जात नाही.

तेव्हा अनीश बाजारातून प्लॅस्टिक रंगाचा डबा घेऊन आला. "याच्याखालून काही म्हणजे काही वर येणार नाही," तो विनीताताईंना म्हणाला. त्याने झाकणाखाली पेचकस घातला. मी घाबरले. तो रंग बसला, की माझा श्वास बंद. आतली ओल आतच राहते, पोपडे येतात, मग भिंत आतून भुसभुशीत होते. आणि माझ्या पाठीवर पुन्हा कोणतंच शेण धरणार नाही. पण भिंतीने ओरडायचं तरी कसं?

उर्वी दप्तर घेऊन आली ती दारातच थांबली. "आजोबा, इकडे या! संजा गेलीच नाहीये. आतच आहे!"

नीलकंठराव काठी टेकत आले. खिशातून चष्मा काढून त्यांनी माझ्या पाठीकडे पाहिलं. पिवळट डागांत आठ पाकळ्यांचं फूल दिसत होतं. त्याच्याखाली आणखी एक फूल, त्याच्या पाकळ्या साऱ्या डावीकडे कललेल्या.

"हे उर्वीचं नव्हे," ते हळूच म्हणाले. "ताई डावखुरी होती. तिची पाकळी अशीच वाकडी व्हायची. मी चिडवायचो आणि ती मला शेण फेकून मारायची." त्यांनी त्या वाकड्या पाकळीवर तळहात ठेवला. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. ती मनावर गावी सासरी गेली, आणि तिला वारूनही आता बरीच वर्षं झाली. तो हात बराच वेळ माझ्यावर होता.

"आजोबा, तुम्ही पण संजा करायचात?" उर्वीने विचारलं.

"छे गं, मुलग्यांना कोण हात लावू देतंय! मी फुलं आणून द्यायचो."

अनीश हातात पेचकस घेऊन उभा होता. त्याने डब्याचं झाकण पुन्हा दाबून बसवलं आणि डबा उचलून जिन्याखाली ठेवला. मग उर्वीपाशी उकिडवा बसला. "मी आधी तुला विचारायला हवं होतं. माझं चित्र दुसरीकडे लावीन. फुलं कुठली आणू?"

"तेरड्याची," उर्वी म्हणाली. "आणि पन्नी. लाल."

चतुर्दशीच्या संध्याकाळी माझ्या पाठीवर एवढा मोठा किलाकोट उभा राहिला. त्यात सूर्य, चंद्र, शिडी, बैलगाडी, आणि दारापाशी संजातली नेहमीची लठ्ठ बाई, जाडी जसोदा. शिडीवर एक उंच, किडकिडीत माणूस होता. हातात त्याच्या उंचीएवढा ब्रश.

"हा कोण?" अनीशने विचारलं.

"तुम्ही. किल्ल्याच्या आत ठेवलंय. बाहेर सोडलं, की पुसापुशी करता."

"उद्या पानी में भी आप ही पहले जाओगे, भिया," रुची म्हणाली.

मित्रांनो, जुन्या घरांत आमच्यासारख्या कितीतरी भिंती आहेत. आम्हाला रंगवा, आमच्यावर चित्रं लावा, नवं काम करा. त्याने आम्हाला आनंदच होतो. फक्त काही पुसण्याआधी एकदा विचारा, की हे कुणाचं आहे? आणि आमचा श्वास बंद करू नका. एवढंच मागणं.

आता उर्वीने पुढे काय केलं, ते सांगते. अमावास्येला किलाकोट उतरवून तिने टोपलीत ठेवला. मग घरातून एक चमचा आणला. कचरागाडीत गेलेल्या एकेका आकृतीच्या डागापाशी ती गेली आणि तिथला चिमूट चिमूट चुना तिने खरवडून घेतला. वाकड्या पाकळीपाशी थांबली, आजोबांकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली, तेव्हा तिथलाही घेतला. सगळं टोपलीत घातलं. आणि अशा रीतीने, कधी एक पाऊलही न चाललेली मी, थोडीशी का होईना, उर्वीच्या डोक्यावरून गल्लीतून निघाले, टेकडीखालून गेले, मीठा तलावावर पोचले. मित्रांनो, पाणी केवढं मोठं असतं!

टोपली रिकामी झाली. रुची गाणं म्हणत घराकडे वळली. उर्वी मात्र काठाशी वाकली, ओल्या मातीचा एक गोळा उचलून तिने टोपलीत ठेवला, आणि घरी आल्याबरोबर, हातपायही न धुता, माझ्या पाठीवरचे ते सगळे छोटे खळगे अंगठ्याने एकेक करून भरले.