शंभर वर्षांच्या पुस्तकातला फोटो

थेडिंगा जहाज कारखान्याला शंभर वर्षं झाली, तेव्हा एम्स नदीकाठच्या त्या गावात प्रत्येक जुन्या कामगाराच्या घरी निमंत्रण गेलं. टोम्मा ब्रुन्सकडेही आलं, तेही एन्नोच्या नावानं. नवऱ्याला जाऊन चौदा महिने झाले होते.

"फाडून टाक," बहीण म्हणाली.

"मुळीच नाही. त्यांच्या समोर बसून चहा पिणार आहे मी."

एन्नोनं एकवीस वर्षं जहाजांच्या इंजिनखोलीत नळांना अ‍ॅस्बेस्टॉस गुंडाळलं. त्याची धूळ फुप्फुसांत साचून शेवटी शेवटी त्याला इतका दम लागायचा, की तो जिन्यात निम्म्यावरच बसायचा. हा आजार कामानं दिला, असा अर्ज टोम्मानं विमा मंडळाकडे केला, तर कारखान्यानं लिहून दिलं की ब्रुन्स गोदामात होता, अ‍ॅस्बेस्टॉसशी त्याचा संबंधच आला नाही. खाली कामगार विभागाच्या वुब्बेनाची सही. एन्नोच्या जोडीचे तिघे साक्ष द्यायला उरले नव्हते. तेही तसेच खोकून गेले होते.

समारंभाच्या दिवशी वुब्बेना दारातच उभा होता.

"ब्रुन्सबाई, आज तरी भांडण नको. आनंदाचा दिवस आहे."

"तुमचा. मी चहाला आलेय."

"मग शांतपणे प्या."

"एन्नो शांतपणेच गेला, साहेब. ओरडायला श्वास कुठे उरला होता."

कारखान्याच्या मालकांनी, थोरल्या थेडिंगांनी, भाषण केलं. आजोबांच्या मासेमारीच्या लाकडी होड्यांवर ते अर्धा तास बोलले, दोन्ही महायुद्धं मात्र दोन वाक्यांत उरकली. मग कारखान्याच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक सगळ्यांना वाटलं.

टोम्मा उगाच पानं उलटत होती. मध्येच तिचा हात थांबला. इंजिनखोलीत चार माणसं, डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं पांढरीफटक. त्यातला एक एन्नो, तिशीतला, सगळे दात दाखवून हसणारा. हे हसू ती विसरूनच गेली होती. बराच वेळ तिला दुसरं काही दिसेना. मग खालची ओळ वाचली: 'अ‍ॅस्बेस्टॉसचं आवरण चढवताना आमचे हसतमुख कामगार, १९६१. डावीकडून दुसरे एन्नो ब्रुन्स.' बाकीच्या तिघांचीही नावं होती.

ती उठून वुब्बेनाकडे गेली. "हा कोण?"

त्यानं पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "नावात चूक झाली असेल."

"आणि चेहऱ्यात?"

"आणा ते इकडे. दुसरी प्रत देतो." त्यानं हात पुढे केला.

टोम्मानं पुस्तक पिशवीत घातलं आणि पिशवी छातीशी धरली. "हात लावून तर बघा."

शेजारच्या टेबलावर म्हातारा क्रेनवाला फोक्को केक खात होता. "राहू दे रे वुब्बेना," तो म्हणाला. "सगळ्यांकडे आहे ते. किती जणांकडून हिसकावशील?"

पुढच्या आठवड्यात कारखान्याची गाडी पुस्तकं गोळा करत घरोघर फिरली. दोघांनी दिली. बाकीच्यांचं म्हणे हरवलं होतं.

टोम्मानं ते पान विमा मंडळाकडे पाठवलं, आणि आठ महिन्यांनी मंडळानं तिचा अर्ज मान्य केला. त्याच पानाच्या पुराव्यावर फोटोतल्या इतर तिघांच्या बायकांचेही अर्ज मंजूर झाले.

त्यानंतर एकदा बेकरीत वुब्बेना समोर आला. टोपी काढून म्हणाला, "मला वरून सांगितलं तेच मी लिहिलं, बाई. आता तरी राग सोडा."

टोम्मानं पाव घेतला, सुटे पैसे मोजून ठेवले.

"नाही," ती म्हणाली, आणि त्याला वळसा घालून बाहेर पडली.